दोन सह्यांचा डोंगर

प्रिय सोट्या,

तुझ्या वकिलांचं दुसरं स्मरणपत्र काल आलं. त्यात 'आपलं उत्तर न आल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल' असं एक वाक्य आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. माझी संमती आजवर कोणी गृहीत धरलेली नाही. माझ्या नवऱ्याने, तुझ्या मेहुण्यांनी, एकदाच प्रयत्न केला होता, त्याचं काय झालं ते त्यांनी तुला सांगितलंच असेल. तेव्हा पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते: मी सही करणार नाही. एवढंच सांगायचं असतं तर फोन पुरला असता. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, कागदावर निदान कोणी मध्ये तोंड घालत नाही. आणि 'सोट्या' म्हटलं म्हणून फुरंगटू नकोस. तू आता सोट्याचा पिंप झालास, नातवंडं तुला आजोबा म्हणतात, सगळं मान्य. माझ्या जिभेला दुसरं नाव वळत नाही.

कागद काय म्हणतो ते आधी माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे ताईला कळलंच नाही असं म्हणायला तुला जागा राहायला नको. अप्पांनी आपल्या डोंगराचा पूर्वेकडचा उतार राष्ट्रीय उद्यानाला दिला, तेव्हा दानपत्रात एक अट घातली. उतारावरची वाट कोणालाही, तिकीट न लावता, कायम खुली राहील. ती बंद झाली तर जमीन त्यांच्या दोन्ही मुलांनी परत मागावी, पण मागायची तर दोघांनी मिळून. गेली काही वर्षं उद्यानाने त्या वाटेच्या तोंडाशी कुंपण घालून, त्याच्या दाराला कुलूप ठोकून 'प्रवेश बंद' अशी पाटी लावली आहे. म्हणजे अट मोडली, म्हणजे जमीन आपली. विकत घेऊन तिथे हॉटेल आणि लाकडी बंगल्या बांधायला एक कंपनी तयार बसली आहे, आणि सगळं अडलंय माझ्या सहीपाशी. तुझा वकील हुशार आहे. त्याचं म्हणणं कायद्याने खरं आहे, मी दुसऱ्या वकिलाला विचारून खात्री करून घेतली. 'ताई, कुलूप त्यांनी लावलं, मी नाही,' असं तू फोनवर म्हणालास, तेही खरं. मग म्हणालास, 'आपण दोन टोकांचे दोन म्हातारे, त्या डोंगराचं काय लोणचं घालायचंय?' त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, कारण मला हसू आलं, आणि हसत हसत मला भांडता येत नाही.

पहिलं पाकीट आलं त्याच आठवड्यात मी उद्यानात जाऊन आले. फाटकाच्या आत ते जुनं बैठं कार्यालय अजून आहे, फक्त पत्र्याला नवा हिरवा रंग दिलाय. आत भिंतभर नकाशा, कोपऱ्यात चिखलाचे रबरी बूट, टेबलावर अर्धं बिस्कीट आणि खरखरणारा बिनतारी संच. अधिकारी म्हणून जी मुलगी बसली होती ती तुझ्या धाकटीच्या वयाची असेल. मी नाव न सांगता विचारलं, पूर्वेची वाट बंद का? ती म्हणाली, 'बाई, तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. माणसं आली की अंडी फुटतात.' किती दिवस बंद? 'कायमची.' हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिला खुर्चीवरून उठवून उभं करावंसं वाटलं. मग मी तुझ्या वकिलांचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि बिस्कीट बाजूला सारलं. दानपत्र तिने कधी पाहिलंच नव्हतं. ते तिच्या मुख्य कचेरीत कुठल्याशा कपाटात आहे, आणि कपाट दुसऱ्या शहरात. पोरीने जीव तोडून राखण केली आणि त्या राखणीनेच डोंगर तुझ्या कंपनीच्या दारात नेऊन उभा केला. ती इतकी पांढरी पडली की मला रागावणं आवरतं घ्यावं लागलं. एवढंच म्हटलं, 'माणसं आली तर अंडी फुटतात, आणि माणसं येईनाशी झाली तर डोंगर फुटतो. आता बूट घाल आणि मला वर ने.'

वाट मोडली आहे, सोट्या. न चाललेली वाट किती लवकर मोडते ते मी पहिल्यांदा पाहिलं. खालचं वळण झुडपांनी गिळलंय. मधे एक मोठं झाड आडवं पडलंय आणि त्याच्यावर शेवाळ चढलंय. मी त्यावरून पलीकडे गेले तेव्हा त्या मुलीने हात दिला, तो मी घेतला, कारण गुडघे माझे आहेत आणि त्यांना गर्व नाही. वर मात्र सगळं जागच्या जागी आहे. झाडं आपण पाहिली होती त्याहून जाड झालीत. खडकाखालून झरा निघतो तिथे मी ओंजळ भरली आणि सवयीने उजेडाकडे धरून पाहिली. तिने विचारलं, 'तुम्हाला पक्षी कळतात का?' मी म्हटलं, नाही, मला पाणी कळतं. तू मला पक्षी शिकव, मी तुला कागद शिकवते.

तिथून खाली शहराचं तळं दिसतं, त्याच्या काठाला पाणी शुद्ध करायचं केंद्र, आणि त्या केंद्राच्या पहिल्या मजल्यावर ती खिडकी, जिच्यामागे मी माझी सगळी नोकरी काढली. बाटल्या, काचनळ्या, आणि हात धुऊन धुऊन भेगाळलेली बोटं. तू मला 'पाणचट नोकरी' म्हणून चिडवायचास. त्या पाणचट नोकरीने मला एक गोष्ट शिकवली: शहरात नळ उघडणाऱ्या माणसाला डोंगर आठवत नाही, आणि आठवू नयेच. जो दिवस तो आठवतो तो वाईट दिवस असतो. तुला विचारते, ज्या वर्षी नळाला गढूळ पाणी आलं होतं आणि इस्पितळात पोरांना पलंग पुरेनात, ते वर्ष तुला आठवतं? आठवणार नाही. त्या वर्षी तू घर सोडलंस.

आता त्या वर्षाबद्दलच लिहायला हवं. तुझी कैफियत मला पाठ आहे, तू ती माझ्याकडे, तुझ्या बायकोकडे आणि एकदा भर लग्नात अनोळखी पाहुण्यांकडे मांडली आहेस. 'अप्पांनी मला रस्त्यावर काढलं आणि डोंगर रस्त्यावरच्यांना दिला.' वाक्य चांगलं आहे, फक्त खरं नाही. आपल्या लाकडाच्या कारखान्यात सगळ्या कामगारांसमोर अप्पा तुला 'तुझ्यापेक्षा ओंडका बरा, तो निदान जिथे ठेवला तिथे राहतो' असं म्हणाले, ते मी नाकारत नाही. तू त्याच संध्याकाळी पेटी उचललीस आणि समोरच्या लाकूडवाल्याकडे नोकरी धरलीस, तेही मी पाहिलं. आणि पुढच्या पंधरवड्यात दानपत्र झालं. म्हणून तू ताळा जमवलास: सोट्या गेला, त्याला धडा शिकवायला म्हाताऱ्याने डोंगर वाटून टाकला. इतकी वर्षं तू हा ताळा उराशी धरून बसला आहेस, आणि त्यात अप्पा नाहीत, मी आहे हे तुला ठाऊकच नाही.

झालं होतं असं. अप्पांनी पश्चिमेचे दोन्ही उतार तोडून विकले होते आणि पूर्वेच्या उताराचा सौदा ठरत आला होता. पाऊस लागला तसं उघड्या उतारांवरची माती तळ्यात उतरू लागली. आमच्या प्रयोगशाळेत नमुने यायचे, ते गाळायला लागणारा कागद लगद्यासारखा फाटायचा. एका दुपारी मी दोन बाटल्या भरून घेतल्या, एक पश्चिमेच्या ओढ्याची आणि एक पूर्वेच्या, आणि जेवायच्या टेबलावर अप्पांच्या ताटासमोर ठेवल्या. त्यांनी पहिलीकडे पाहून विचारलं, 'हा चहा कोणी उघडा ठेवला?' मी म्हटलं, 'तो तुमचा डोंगर आहे, अप्पा.' आईने पदर तोंडाला लावला. मी दुसरी बाटली पुढे सरकवली आणि म्हटलं, 'आणि हा, तुमची करवत अजून न लागलेला.' त्यांनी ती उचलली, बूच काढलं, 'तपासलंय ना?' असं विचारलं, आणि सगळी पिऊन टाकली. मग कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र रोज बोलत होते. तुझा स्वभाव त्यांच्यावर गेला आणि माझा आईवर, असं लोक म्हणायचे, ते माझ्या लाटण्याच्या जोरावरून नव्हे, चिकाटीवरून. 'उद्यानाला देऊन टाका' हे मी सुचवलं. सौदा मोडायला मी लावला. तू तेव्हा घरातच होतास, फक्त कारखान्यातून रोज उशिरा यायचास आणि पाठ फिरवून जेवायचास. तुझं भांडण त्याच्यानंतरचं. तेव्हा डोंगर गेल्याचा राग काढायचाच असेल तर तो जिवंत माणसावर काढ, मी ठणठणीत आहे. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा त्याच बाटल्या आणीन.

अट मात्र माझी नव्हती, ती अप्पांची. सरकारवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. 'सरकारला दिलेला डोंगर आणि शेजाऱ्याला दिलेली शिडी, दोन्ही परत दिसत नाहीत,' असं म्हणायचे. उद्या साहेब लोक वर बंगला बांधतील, बायकामुलांना घेऊन सहलीला येतील आणि बाकीच्यांना दाराशी अडवतील, ही त्यांची भीती. म्हणून 'कोणालाही' हा शब्द त्यांनी स्वतः घालून घेतला. कारकुनाने विचारलं, कोणालाही म्हणजे कोणाला? अप्पा म्हणाले, 'माझ्या कारखान्यातून हाकललेल्यालाही.' तू गेलास त्यानंतरच्या पंधरवड्यातली गोष्ट आहे ही, तेव्हा हा शब्द कोणासाठी होता ते तुझं तू ठरव.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर तुला सांगितलं नाही, कारण त्यात माझी फार शोभा नाही. परत मागायचा हक्क कोणाच्या नावाने ठेवायचा, असं त्या कारकुनाने विचारलं तेव्हा मीच उत्तर दिलं, माझ्या. तू घरात नव्हतास, कुठे राहतोस ते कळवलं नव्हतंस, शिकलेली मी होते. अप्पा म्हणाले, 'दोघांच्या. आणि दोघांनी मिळून मागितलं तरच.' मी म्हटलं, असं का? ते म्हणाले, 'एकाला हाव सुटली तर दुसरं असावं धरायला.' मला वाटलं, चला, पोराला ओळखून आहेत. तरी विचारलं, हाव कोणाला सुटेल असं वाटतं तुम्हाला? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'तुला. तू कामाची आहेस, पण तुझ्या डोक्यात सदानकदा बेरीज चालू असते. तो भांडखोर आहे, आळशी आहे, पण झाड पडताना डोळे मिटतो. मी पाहिलंय.' मी दोन दिवस जेवले नाही. मग जेवले, कारण कामावर जायचं होतं.

तू खरंच मिटायचास, सोट्या. मलाही आठवतं. करवत अडकून बुंधा कुरकुरायला लागला की सगळी पोरं टाळ्या पिटायची आणि तू माझ्या मागे येऊन उभा राहायचास. मला वाटायचं, धुळीने मिटतोयस.

तेव्हा लोणच्याचं उत्तर. डोंगराचं आपण काहीच घालायचं नाही, दोन म्हाताऱ्यांनी तर मुळीच नाही. तो आपल्या उपयोगी नाही हीच त्याची किंमत आहे. कोणालाच विकता येत नाही असं काहीतरी शहरात असावं लागतं, नाहीतर माणूस प्रत्येक गोष्टीकडे गिऱ्हाइकासारखा पाहायला लागतो. त्या वाटेवर पूर्वी कोण कोण चालायचं ते तुला सांगायला नको. पावाच्या भट्टीवरची माणसं काम संपवून तांबरलेल्या डोळ्यांनी यायची. इस्पितळातून सुटलेल्यांना डॉक्टर मुद्दाम तिथे पाठवायचे. भांडलेली नवरा-बायको वर जाताना दहा हात अंतरावर असायची आणि उतरताना एकाच छत्रीत. हॉटेल झालं तर ह्यातलं कोणी तिथे जाऊ शकेल का? आणि एक कडू गोष्ट, ती मी त्या अधिकारी मुलीलाही सुनावली: तुझ्या कंपनीची पाटी लागली असती तर शहरात कोणीही ओरडलं नसतं. वाट बंद होती, डोंगर कोणी पाहिला नव्हता, आणि न पाहिलेल्या वस्तूसाठी कोणी भांडत नाही.

म्हणून मी कामाला लागले. दर आठवड्याला एकत्र चालणारी काही मंडळी आहेत, त्यांची नोंदलेली संस्था आहे. तिची अध्यक्ष एक शिंपीण आहे, तिला सगळे 'कात्री' म्हणतात, कारण बोलणाऱ्याचं वाक्य ती मध्येच कापते. माझंही कापलं. मी तिला सगळं समजावत होते तर म्हणाली, 'ताई, थोडक्यात सांगा, कुलपाला अर्ज करायचा की कुलूप तोडायचं?' मला बाई आवडली. ती, मी आणि अधिकारी मुलगी अशा तिघींनी उतार पालथा घातला. पक्षी वरच्या गवतात घरटी करतात आणि झऱ्याच्या काठाकाठाने गेलं तर त्यांना धक्का लागत नाही, हे त्या मुलीनेच शोधून काढलं. आधी म्हणे, 'नियमात बसत नाही.' कात्री म्हणाली, 'मग नियम थोडा उसवू, परत शिवू.' नवी वाट आखून झाली आहे, पडलेलं झाड तिथेच ठेवून त्याला पायऱ्या खोदल्या आहेत. मुलीने वरिष्ठांशी भांडून लेखी आदेश आणला. कुंपण गेल्या शनिवारी निघालं.

तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. आज ही मुलगी आहे, उद्या दुसरा कोणी येईल, पुन्हा कुलूप लावेल किंवा त्याहून वाईट काही करेल. उद्यानाला धाकात ठेवायला अप्पांची अट हवीच. पण ती आपल्या दोघांच्या हातात ठेवण्यात अर्थ उरला नाही, हे तुझ्या वकिलांनी मला दाखवून दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानते. जमीन परत मागण्याचा माझ्या वाट्याचा हक्क मी त्या चालणाऱ्यांच्या संस्थेच्या नावे करून दिला, ह्या बंधनासह की जमीन मिळाली तर ती विकायची नाही, फक्त खुली ठेवायची. नोंदणी कार्यालयात अंगठे घेणारा कारकून म्हणाला, 'आजी, हे नंतर रद्द होत नाही हं.' मी म्हटलं, 'म्हणूनच तर रांगेत उभी राहिले.'

तुझी विक्री तर थांबली, तेवढ्याला माझी एक सही पुरली, आणि ती बातमी तुला तुझ्या वकिलांनीही दिली असती. हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. अडचण अशी आहे की अट मोडली तर 'दोघांनी मिळून' मागायचं आहे. संस्थेकडे आज अर्धाच हक्क आहे. अर्ध्या हक्काने विकणाऱ्याला अडवता येतं, कुलूप लावणाऱ्याला नाही. ती वाट खरोखर उघडी राहायची असेल तर तुझा वाटाही संस्थेच्या नावे व्हायला हवा, त्याला तुझी सही लागेल, आणि ती मला वकिलाकडून नको आहे, तुझ्याकडून हवी आहे. कागदावर तिची जागा मोकळी ठेवली आहे. विनंती करणं मला जमत नाही, म्हणून सरळ लिहिते: अप्पांनी धरणारा म्हणून तुला नेमलं होतं, मला नाही. मी आयुष्यभर ते चूक आहे असं दाखवत आले. आता ते बरोबर होतं असं तू दाखव. इथे ये, माझ्याकडे उतर, नातवंडांना आण. आधी वाट चाल, मग ठरव. नाही म्हणालास तरी जेवायला घालीन.

तुझीच,
ताई

सुपूर्द केल्याची नोंद. संस्थेच्या अध्यक्षांच्या हाती, उद्यान अधिकाऱ्यांच्या समक्ष, आज सकाळी दिलं ते असं: अप्पांच्या दानपत्राची घरातली मूळ प्रत. पूर्वेच्या उताराचा मोजणीचा नकाशा. जमीन परत मागण्याचा माझ्या वाट्याचा हक्क, नोंदणीसह. तुझ्या वकिलांचं संमतीपत्र सही न करता ह्याच पाकिटात तुला परत. तुझ्या वाट्याचा हक्क: अजून तुझ्याकडे.